कार्डाला कुलूप, बॉक्स मोकळा

सेट टॉप बॉक्सच्या फटीत एक कार्ड असते. एटीएम कार्डाएवढे, एका टोकाला सोनेरी चकती. बॉक्स लावायला आलेला मुलगा ते आत सरकवतो आणि त्यानंतर घरात कोणी त्याच्याकडे पाहत नाही. पडद्यावर ‘कार्ड घाला’ अशी ओळ उमटली की मग धावपळ. आपल्या घरात कोणते चॅनेल दिसेल, कोणत्या तारखेपर्यंत दिसेल आणि कोणत्या बॉक्सवर दिसेल, हे सगळे हे कार्ड ठरवते. म्हणून ते कोणाच्या बाजूचे आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातील अकलूजमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. एक पैसे भरणाऱ्याचे, दुसरे पैसे गोळा करणाऱ्याचे. ती मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक आहेत निवृत्त विज्ञान शिक्षक. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता गावात केबलचा व्यवसाय करणारा. माणसे कल्पिलेली आहेत, मुद्दे खरे आहेत. सरांनी नव्या बॉक्सचे कार्ड स्वतःच्या हाताने बसवायचे ठरवले आहे आणि विद्यार्थी शेजारी बसला आहे, इथून सुरुवात करू.

सर : वायर बोर्डातून काढली. आता?

केबलचालक : चालू बॉक्समध्ये कार्ड घालायचं नाही आणि काढायचंही नाही, एवढं पाळलंत तरी पुष्कळ दुखणी टळतात. आता फट बघा. तिच्याजवळ कार्डाचं छोटं चित्र असतं. चकती वर की खाली, ते त्यावरून कळतं. सगळ्या बॉक्सचं सारखं नसतं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून घालू नका. बाण आतल्या बाजूला. हळू सरकवा, अडलं की थांबा. जोर लावलात तर आतल्या पत्त्या वाकतात आणि मग बॉक्सच खोलावा लागतो.

सर : चकतीवर रेघा आहेत. आठ तुकडे दिसतात.

केबलचालक : बँकेच्या कार्डाचं आणि याचं मानक एकच आहे सर, 7816 क्रमांकाचं, जगभर चालणारं. एका तुकड्यातून वीज येते, एक अर्थिंगचा, एकातून घड्याळाचे ठोके, एक रीसेटचा, आणि माहिती ये-जा करते ती एकाच तुकड्यातून. त्यावर बोट लावू नका. घामाचा थर बसला असेल तर कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको. लोक तोही घासतात.

सर : म्हणजे हे नुसतं ओळखपत्र नाही, यात प्रोसेसर आहे.

केबलचालक : छोटा संगणकच आहे. आता वायर लावा, पण लगेच चित्राची घाई करू नका. आधी सिग्नल, मग कार्ड, मग आमच्याकडचं अ‍ॅक्टिव्हेशन, असा क्रम आहे. लोक उलटं करतात. सिग्नलच नसतो आणि कार्ड चार वेळा काढून घालतात.

सर : माझ्या बहिणीकडे यशवंतनगरला डिशची छत्री आहे. तिलाही हेच सांगू?

केबलचालक : क्रम तोच. छत्रीला आधी दिशा लागते. फ्री डिश या सरकारच्या मोफत छत्री सेवेचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. अकलूजहून बघितलं तर तो आग्नेयेला येतो, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर. टाटाच्या छत्री सेवेचा 83 अंशांवर आहे, म्हणजे आपल्याला छत्री दक्षिणेकडे आणखी वळवायला लागते आणि थोडी वर उचलायला लागते. त्या रेषेत नारळाचं झाड नको, पाण्याची टाकी नको. पावसाची जोरदार सर आली की चित्र फुटतं, कारण त्या लहरींना पाण्याचे थेंब अडवतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास काही दिवस ठरावीक वेळेला थोडी मिनिटं चित्र जातं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. या दोन्ही वेळी कार्डाला हात लावायचं कारण नाही.

सर : माझ्या पडद्यावर ओळ आली, ‘तुम्ही या चॅनेलचे वर्गणीदार नाही’.

केबलचालक : चांगलं झालं. म्हणजे कार्ड जागं आहे. आता त्याचा नंबर सांगा, बॉक्सच्या पाठीवरचाही सांगा. मी दोन्ही कंट्रोल रूमला देतो. दोन्हींची जोडी लागते आणि तुमच्या कार्डाच्या नावानं तिथून परवानगी सुटते. ती वायरीतून सगळ्यांच्याच घरी जाते. वारीत चुकलेल्या माणसाचं नाव लाउडस्पीकरवर पुकारतात, तसं. ऐकतात सगळे, उठून येतो तो एकटाच.

सर : आणि तो माणूस तेव्हा झोपलेला असेल तर?

केबलचालक : तिथंच लोक फसतात. केबल असो की छत्री, ही वाट एकाच दिशेची आहे. तुमच्या बॉक्सनं ऐकलं की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून तो काही काळ तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. त्या काळात बॉक्स चालू पाहिजे. लोक पैसे भरतात, पाच मिनिटं बघतात, बॉक्स बंद करतात आणि मला फोन करतात की पैसे घेतले आणि चॅनेल दिलं नाही. अर्धा तास एखादं पैशाचं चॅनेल लावून ठेवा. तरी नाही आलं तर सांगा, मी पुन्हा सिग्नल मारतो. दोन महिने पुण्याला मुलाकडे राहून आलात तर तेव्हाही असंच होणार. जुनी परवानगी संपलेली असते आणि नवी ऐकायला बॉक्स चालू नव्हता.

इथपर्यंत वाद नाही. ही माहिती प्रत्येक ग्राहकाला बॉक्ससोबत मराठीत छापून मिळायला हवी होती. ती मिळत नाही, म्हणून साध्या कामासाठी माणूस बोलवावा लागतो आणि ग्राहकाला वाटते की आत काहीतरी अगम्य चालले आहे. आत काय चालते ते सरांनी पुढे विचारले.

सर : या परवानगीनं नेमकं उघडतं काय?

केबलचालक : चित्र वरूनच विस्कटून पाठवलेलं असतं. कसं विस्कटायचं ती पद्धत युरोपातल्या डीव्हीबी या संघटनेनं 1990 च्या दशकात ठरवली आणि जगात बऱ्याच ठिकाणी तीच चालते. त्याला 64 बिटांची किल्ली लागते. ती किल्ली साधारण दर 10 सेकंदांनी बदलते. नवी किल्ली चित्राबरोबरच येते, पण तीही कुलूपबंद. कार्ड ती उघडून बॉक्सला देतं आणि बॉक्स चित्र सरळ करतो. पुढची किल्ली आधीच येऊन थांबलेली असते, म्हणून मालिका बघताना तुम्हाला बदल जाणवत नाही. परवानगी नसेल तर कार्ड किल्ली उघडतच नाही. बॉक्सच्या हातात काही नाही.

सर : हेच मला पकडायचं होतं. चित्र सरळ करायची पद्धत सगळीकडे एक. निर्णय घेतं ते कार्ड. मग बॉक्स कुठलाही का चालत नाही? मी कंपनी बदलली तर कार्ड बदलेन, बॉक्स का टाकून देऊ? सिम बदलताना फोन टाकतो का आपण?

केबलचालक : कार्डाची आणि बॉक्सची आपसातली बोली कंपनीगणिक वेगळी आहे. नाग्रा, कोनॅक्स, इर्डेटो, व्हिडिओगार्ड, अशा कितीतरी पद्धती आहेत आणि प्रत्येकीचा प्रोग्रॅम बॉक्समध्ये आधीच भरलेला असतो. शिवाय आत्ता आपण जोडी लावली. हे कार्ड या एका बॉक्सशिवाय कोणाशी बोलणार नाही. ते मुद्दाम केलेलं आहे. पूर्वी कार्ड किल्ली उघडीच बॉक्सला द्यायचं. चोरांनी ती तिथंच पकडली आणि इंटरनेटवरून कितीतरी घरांना वाटली. वर्गणी एकाची, बघणारे अनेक. म्हणून आता कार्ड ती किल्ली तुमच्याच बॉक्सला उलगडेल अशी गुंडाळून देतं.

सर : चोराला अडव, माझी हरकत नाही. गावात एकानं मला विचारलं, सगळे चॅनेल फुकट दाखवणारा रिसीव्हर मागवू का. मी त्याला स्पष्ट सांगितलं, कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम घातलंय. हक्क बुडवायच्या हेतूनं असलं कुलूप फोडलंस तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर दंड. फुकटात बघणं ही चोरीच आहे. पण चोरासाठी केलेली बेडी प्रामाणिक माणसाच्या पायात का?

केबलचालक : सर, कुलूप नव्हतं ते दिवस तुम्ही घरात बसून पाहिलेत, मी खांबावर चढून पाहिलेत. गल्लीतून एक वायर जायची, तिच्यात सगळे चॅनेल उघडे. 1999 ला अल्फा मराठी आलं, 2000 ला ई टीव्ही मराठी आलं, लोकांची मागणी वाढत गेली. पैसे देणाऱ्याला जे दिसायचं तेच बुडवणाऱ्याला दिसायचं. तोडायचं तर खांबावर चढून वायर कापायची, आणि रात्रीत तो पुन्हा जोडायचा. किती घरांत जोडणी आहे, हे चालक सांगेल ते. आमच्या धंद्यात आकडा कमी सांगायची रीत पडली होती, हे मी नाकारत नाही. चॅनेलवाल्यांनाही ते माहीत होतं, म्हणून ते दर चढवून मागायचे. भांडण झालं की चॅनेल बंद आणि शिव्या आम्हाला. कार्ड आल्यावर घर मोजलं जायला लागलं. माझा हिशेब मला झाकता येत नाही आणि वरच्याला फुगवता येत नाही. तुम्ही याला बेडी म्हणता, मी म्हणतो यानं माझा धंदा सरळ झाला.

सर : हिशेबाचं तुझं म्हणणं मी मान्य करतो. आकडा खरा निघाला, हे चांगलंच झालं.

केबलचालक : आणि तो खरा निघावा म्हणूनच कायदा बदलला. 2011 साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार टप्पे पाडले. 2012 मध्ये मुंबईसारखी चार महानगरं. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नाशिक, आपलं सोलापूर, मुदत 31 मार्च 2013. तिसऱ्यात बाकीची नगरपालिकांची शहरं. अकलूज एवढं मोठं असून ग्रामपंचायतच होती, नगरपरिषद झाली ती 2021 मध्ये. म्हणून आपण चौथ्या टप्प्यात गेलो, मुदत वाढत वाढत 31 मार्च 2017. सोलापूरच्या लोकांनी चार वर्षं आधी जे केलं ते आपण नंतर केलं. तेव्हा घराघरात जाऊन मी बॉक्स लावलेत. लोक दारातून विचारायचे, चालू टीव्हीला हे कशाला.

सर : तू तारखा सांगितल्यास, एक मी सांगतो. 15 मार्च 2001. त्या दिवशी केंद्र सरकारनं डीटीएच, म्हणजे घरोघरच्या छत्रीवर येणाऱ्या सेवेची नियमावली काढली. भारतात पहिली डीटीएच कंपनी सुरू व्हायला अजून अडीच वर्षं होती, डिश टीव्ही आली ती ऑक्टोबर 2003 मध्ये. म्हणजे एकही बॉक्स विकला गेला नव्हता तेव्हा सरकारनं लिहून ठेवलं की बॉक्स खुल्या रचनेचा असेल आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालेल. अकलूजच्या बाजारात जा आणि असा बॉक्स मागून बघ.

केबलचालक : नाही मिळणार.

सर : का नाही मिळणार? नियम होता, तंत्र होतं. 2017 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीनं आराखडा मांडला होता. बॉक्स खुल्या बाजारातून घ्यायचा, कार्ड ज्याची सेवा त्याच्याकडून घ्यायचं. एप्रिल 2020 मध्ये ट्रायनं रीतसर शिफारसही केली की बॉक्सला यूएसबीचं तोंड ठेवा आणि कंपनीचं कुलूप त्यात खोचायच्या मॉड्यूलमध्ये ठेवा. माझ्या हातातलं हे कार्ड म्हणजे त्याचाच पूर्वज. कुलूप सुटं आहे, काढता येतं, घालता येतं. सुट्या कुलपाचा फायदा फक्त कंपनीनं का घ्यायचा?

सरांच्या या मुद्द्यावर मी थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. कार्ड वेगळे ठेवण्यामागे एक शहाणपण होते. कुलूप कधी ना कधी फुटते, हे पहिल्यापासून गृहीत होते. फुटले तर लाखो बॉक्स बदलण्यापेक्षा लाखो कार्डे टपालाने पाठवणे स्वस्त. युरोपातल्या कंपन्यांनी 1990 च्या दशकात हे अनेकदा केले. म्हणजे सुटे कार्ड कंपनीच्या सोयीसाठी जन्मले. पण त्याच सुटेपणात ग्राहकाची सोयही होती आणि 2001 च्या नियमावलीने ती ओळखली होती. पुढची वीस-पंचवीस वर्षे ती कागदावर राहिली. कंपनी बदलणाऱ्या घरांत माळ्यावर जुने बॉक्स पडून आहेत. चालू स्थितीतले. लोखंड, तांबे, चिप, सगळे ठीक. त्यांचा गुन्हा एवढाच की ते दुसऱ्या कंपनीची बोली बोलतात. याला मी उधळपट्टी म्हणतो, आणि ती ग्राहकाच्या पैशाने झालेली आहे.

केबलचालकाचे म्हणणे मात्र अजून पूर्ण झालेले नाही.

केबलचालक : सर, अमेरिकेनं हे करून बघितलंय. 1996 च्या दूरसंचार कायद्यात त्यांनी लिहिलं की बॉक्स बाजारात मिळाला पाहिजे. त्यातून केबलकार्ड नावाचं सुटं कार्ड निघालं. 2007 पासून कंपन्यांना स्वतःच्या बॉक्समध्येसुद्धा वेगळं कुलूप ठेवायची सक्ती केली. तरी बहुतेक लोक कंपनीचाच बॉक्स भाड्यानं घेत राहिले. 2020 मध्ये तिथल्या आयोगानं केबलकार्डाचे नियमही काढून टाकले. एवढ्या श्रीमंत देशात चाललं नाही, इथं कसं चालेल? आणि बॉक्सची किंमत कोण देणार? आज कंपनी पदरचं घालून बॉक्स स्वस्तात देते, कारण ग्राहक तिच्याकडे टिकेल अशी आशा असते. मोकळा बॉक्स विकला तर ती का पदरचं घालेल? शेतमजुराच्या घरात पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मागितली तर तो टीव्हीच लावणार नाही.

सर : अमेरिकेचं सांगितलंस, युरोपचं राहिलं. तिथं 2002 च्या निर्देशापासून 30 सेंटिमीटरपेक्षा मोठा पडदा असलेल्या डिजिटल टीव्हीला कुलपाच्या मॉड्यूलसाठी खाच द्यावीच लागते. तिथं माणूस कार्ड मॉड्यूलमध्ये घालतो, मॉड्यूल टीव्हीत खोचतो, बॉक्सची गरजच राहत नाही. आणि तुझं जोडी लावायचं काम तिथंही होतं. सीआय प्लस नावाची पद्धत आहे. त्यात मॉड्यूल आणि टीव्ही एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, मगच चित्र उघडतं. चोरी अडते आणि टीव्ही मात्र माझाच राहतो. तेव्हा सुरक्षिततेचं कारण देऊ नकोस.

केबलचालक : आणि किमतीचं?

सर : किमतीचं तुझं खरं आहे. गरिबाला हप्त्यानं किंवा भाड्यानं बॉक्स मिळालाच पाहिजे. पण ज्याला विकत घ्यायचाय त्याला मोकळा मिळू दे. आज दुकानात पूर्ण पैसे मोजणाऱ्यालाही बांधलेलाच बॉक्स मिळतो.

यावर केबलचालकाने दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते, कारण ते कोणाच्याच बाजूचे नाही.

केबलचालक : सर, तुम्ही ज्या कार्डासाठी भांडताय ते कार्डच आता चाललंय. नव्या बॉक्सात पुष्कळ ठिकाणी फटच नाही. कुलूप आतल्या चिपमध्ये. कंपनीला कार्ड छापायचा खर्च नाही, आम्हाला घासायची कटकट नाही. त्याहून पुढं, तरुण पोरं बॉक्सच लावत नाहीत, मोबाईलवर बघतात. तिथं कुलूप फोनच्या आत आहे, दिसतही नाही आणि हातातही येत नाही. माझी जोडणी तोडून लोक तिकडं चाललेत. माझ्या कुलपावर रागावता, त्या कुलपावर कोणी रागावत नाही.

सर : म्हणजे निदान हे दिसतं तरी होतं.

केबलचालक : तेच म्हणतो मी.

सर : मग माझा मुद्दा आणखी पक्का झाला. कुलूप दिसेनासं व्हायच्या आत नियम झाला पाहिजे. आणखी एक विचारतो. आषाढीला पहाटे पंढरपूरची महापूजा सह्याद्रीवर दाखवतात. माझ्या आईची ती चुकत नसे. सह्याद्री सरकारी वाहिनी, तिला वर्गणी नाही. मग रिचार्ज संपलेल्या केबलच्या बॉक्सवर तीसुद्धा का जाते? तुकोबांची पालखी आपल्या गावातून जाते, माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण होतं, आणि पुढची पूजा बघायला कार्डाची परवानगी लागते?

केबलचालक : कायद्यातच आहे सर. दुरुस्तीनंतरच्या 4अ कलमात लिहिलंय की केबलवरून जाणारं कोणतंही चॅनेल कुलूपबंद करूनच पाठवायचं. फुकटचं असलं तरी. माझी वायर, खांब, वीज, माणसं यांचा खर्च आहेच ना? 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायनं त्याचा आकडाच बांधून दिला होता. 100 चॅनेलपर्यंत वायरीचे महिन्याला 130 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पैशाच्या चॅनेलचं भाडं वेगळं, अनेक चॅनेल एकत्र विकायच्या गठ्ठ्यात घालायच्या एका चॅनेलला 19 रुपयांच्या वर नव्हतं. नंतर त्यात बदल होत गेले. पण कोणतं चॅनेल किती रुपयांना, हे पडद्यावर छापील दिसायला लागलं ते कार्डामुळंच. एकेकाला वेगळं चॅनेल देता येतं म्हणून दर लावता येतो. ज्याला महिन्याचा खर्च नको त्याला फ्री डिश आहे. डिसेंबर 2004 पासून सरकारची सेवा चालू आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला एक रुपया नाही. तुमच्या बहिणीकडं तेच आहे.

सर : आणि तिच्याकडे सह्याद्री दिसतं, हे खरं. पण तीन मजल्यांच्या चाळीत, जिथं छत्रीला आग्नेयेचं आकाशच मोकळं नाही, तिथल्या माणसानं काय करायचं? त्याला केबलशिवाय वाट नाही. त्याचं रिचार्ज संपलं तरी सरकारी वाहिन्या चालू ठेवा, एवढंच मागतो मी. कार्डाला ते अवघड नाही. चॅनेलगणिक परवानगी देता येते, हे तूच आत्ता सांगितलंस.

केबलचालक : तंत्राला अवघड नाही. वायरीचं भाडं न देणारा मग कधीच देणार नाही, ही भीती आहे. पण नियम सगळ्यांना सारखा झाला तर मी अडवणार नाही.

सरांनी चॅनेल निवडण्याचा मुद्दा इथे सोडून दिला. तो मी मांडतो. 2019 मध्ये ग्राहकाला चॅनेल निवडण्याचा हक्क मिळाला, तो कार्डामुळेच शक्य झाला, हे केबलचालकाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र सुटे चॅनेल घेतले तर बेरीज गठ्ठ्यापेक्षा वाढते, अशा रीतीने दर लावले गेले आणि लोक गठ्ठ्याकडे वळले. कार्डाने निवड देता येते, पण दरांची मांडणी प्रामाणिक नसेल तर ती निवड नावापुरती उरते. यात केबलचालकाचा दोष फार थोडा आहे. तो वरच्यांनी बांधलेला गठ्ठा दारात पोचवतो.

आता माझा निर्णय सांगतो. कार्डाच्या बाबतीत मी केबलचालकाच्या बाजूने आहे. ज्याने कार्यक्रम बनवला, ज्याने वायर ओढली, त्याला पैसे मिळायला हवेत आणि हिशेब खरा राहायला हवा. त्यासाठी कुलूप लागणार. ते फोडणाऱ्याला सहानुभूती नको. बॉक्सच्या बाबतीत मी ठामपणे सरांच्या बाजूने आहे. ज्या बॉक्सचे पूर्ण पैसे मोजले तो कोणत्याही कंपनीच्या कार्डावर किंवा मॉड्यूलवर चालला पाहिजे. 2001 मध्ये हे लिहून दिलेले आहे, 2020 मध्ये त्याची वाट दाखवलेली आहे, 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी आयएस 18112 हे मानकही काढले आहे. त्यामुळे वेगळा बॉक्स न लावता फ्री डिशवरची उघडी वाहिनी थेट टीव्हीवर पाहता येते. मोफत वाहिन्यांसाठी हे झाले, पैशाच्या वाहिन्यांसाठी का होऊ नये, याचे पटणारे उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

तोवर वाचकांनी आपल्या घरापुरते काही करावे. बॉक्स घेताना तो विकत आहे, हप्त्याने आहे की भाड्याने, हे पावतीवर लिहून घ्या. ट्रायच्या नियमांत हे तिन्ही प्रकार आहेत. कार्डाचा आणि बॉक्सचा नंबर वहीत उतरवून ठेवा, कारण पडदा काळा झाल्यावर ते दोन्ही टीव्हीच्या मागे वाकून वाचावे लागतात. कार्ड एकदा स्वतःच्या हाताने काढून बसवून बघा, बॉक्स बंद करून. घरातल्या मुलांना दाखवा. आणि ट्राय जेव्हा बॉक्सविषयी किंवा दरांविषयी विचारविनिमयाचा मसुदा काढते, तेव्हा त्यावर कोणताही नागरिक मत पाठवू शकतो. आजवर तिथे कंपन्यांची लांबलचक निवेदने जात आली आहेत. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चाललाच पाहिजे आणि रिचार्ज संपले तरी सह्याद्री दिसलीच पाहिजे, अशा दोन ओळी लिहून सही करून पाठवायला फार वेळ लागत नाही. पुढचा मसुदा निघेल तेव्हा माळशिरस तालुक्यातूनही पत्रे जाऊ द्या.